भोजनयान कुठे जोडायचे?

प्रवासी गाडीची प्रतिकृती रुळांवर मांडताना इंजिनाबद्दल फारसा प्रश्न पडत नाही. प्रश्न सुरू होतो तो इंजिनामागच्या पहिल्या कपलिंगपासून. खोक्यांतून काढलेले डबे टेबलावर ओळीने ठेवले की त्यांतला कोणताही डबा कोणत्याही डब्याला जोडता येतो, कारण एकाच प्रमाणातल्या बहुतेक डब्यांचे कपलिंग सारखे असते आणि ते कशालाच विरोध करत नाही. भोजनयान इंजिनाला लागून जोडले, टपालाचा डबा मधोमध घातला, गोलाकार पाठीचा शेवटचा डबा गाडीच्या पोटात ढकलला, तरी छोट्या रुळांवर गाडी तितक्याच सहजपणे धावते. खऱ्या रेल्वेवर अशी गाडी फलाटावरून हलली नसती. ती कोणी अडवली असती आणि कोणत्या कारणाने, हे डब्यागणिक शोधत जाण्यात मला या छंदाचे खरे सुख वाटत आले आहे.

मी मुख्यतः अमेरिकेतल्या, साधारण १९४० ते १९६० या काळातल्या लांब पल्ल्याच्या गाड्या १:८७ या प्रमाणात जुळवतो. त्या काळातल्या एकाच गाडीत टपालासाठी, सामानासाठी, कर्मचाऱ्यांच्या झोपेसाठी, बसून जाणाऱ्यांसाठी, झोपून जाणाऱ्यांसाठी, जेवणासाठी आणि नुसते बाहेर बघत बसण्यासाठी वेगवेगळ्या घडणीचे डबे असत. त्यामुळे तिथे क्रम हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होतो. पुष्कळ जण हा क्रम छायाचित्रे पाहून पाठ करतात, आणि त्यात काही वाईट नाही. मला मात्र पाठ केलेला क्रम फार काळ लक्षात राहत नाही. कारण कळले की तो आपोआप राहतो. म्हणून प्रत्येक जुळणीआधी मी मनातल्या मनात त्या गाडीतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो आणि प्रत्येक दारापाशी विचारतो की इथून पलीकडे कोण जाऊ शकतो, कोणाला जावे लागते आणि कोणाला जाऊ दिले जात नाही. डब्यांचा जवळजवळ सगळा क्रम या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून तयार होतो. जे थोडे उरते, त्याचा उलगडा वाफेच्या नळ्या आणि वाटेतले शंटिंग, म्हणजे डबे काढण्या-जोडण्याची हलवाहलव, यांतून होतो.

इंजिनामागे लगेच येतात ते प्रवाशांशी संबंध नसलेले डबे. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा म्हणजे फिरते टपाल कार्यालय. अमेरिकेत अशा डब्याची पहिली अधिकृत सेवा १८६४ साली शिकागो आणि आयोवातले क्लिंटन यांच्या दरम्यान सुरू झाली आणि शेवटची सेवा, न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन, ३० जून १९७७ रोजी बंद झाली. या डब्यात टपाल खात्याचे कर्मचारी धावत्या गाडीत पत्रे निवडत, आणि गाडी न थांबणाऱ्या स्थानकांवर रुळांशेजारच्या खांबाला अडकवलेली थैली डब्याच्या दारातल्या लोखंडी हाताने खेचून घेत. तो डबा म्हणजे सरकारी कार्यालयच होते. कर्मचाऱ्यांजवळ शस्त्रे असत आणि प्रवाशाला त्यातून ये-जा करण्याची मुभा नसे. ज्या डब्यातून प्रवासी जाऊ शकत नाही, तो प्रवाशांच्या दोन डब्यांमध्ये घातला तर गाडीचे दोन तुकडे होतात, म्हणून तो एका टोकाला असणे भाग असते. ते टोक इंजिनाकडचे असले की टपालाच्या आणि सामानाच्या हातगाड्या फलाटाच्या पुढच्या भागात उभ्या राहतात आणि प्रवाशांच्या गर्दीत येत नाहीत. फिरत्या टपाल कार्यालयाला लागून टपाल साठवायचा डबा असेल तर भरलेल्या थैल्या आतल्या आत नेता येतात, म्हणून प्रतिकृतीतही हे दोन डबे शेजारी असावेत, असा माझा आग्रह असतो.

पुढच्या डब्यांच्या या गटात अनेक हौशी मंडळी घाई करतात आणि सामानाचा एकच डबा लावून मोकळी होतात. मला हाच गट गाडीचा काळ आणि दर्जा सांगणारा सर्वांत बोलका भाग वाटतो. प्रवाशांसाठी नवे, हलके, गुळगुळीत बाजूंचे डबे आले, तरी टपालाचे आणि सामानाचे डबे बरीच वर्षे जुनेच राहिले. जड बांधणीचे, बारा चाकांचे, छतावर रिव्हेटच्या रांगा असलेले ते डबे नव्या गाडीच्या रंगात रंगवले जात आणि पुढे जोडले जात. काही रेल्वे कंपन्यांनी तर जुन्या डब्यांच्या सपाट बाजूंवर उजेड-सावलीच्या रेघा अशा रंगवून घेतल्या की दुरून ते पन्हाळीदार स्टेनलेस स्टीलच्या डब्यांसारखे दिसावेत. म्हणूनच सगळे डबे एकाच वर्षी एकाच कारखान्यातून निघाल्यासारखी दिसणारी गाडी ही नियमापेक्षा अपवाद असते. मालगाडीच्या वाघिणीसारखा दिसणारा, तातडीच्या पार्सलांचा एखादा एक्स्प्रेस डबाही इथे शोभतो, फक्त त्याला प्रवासी गाडीच्या वेगाची चाके आणि आरपार जाणारी वाफेची नळी असायला हवी.

ही वाफेची नळी प्रतिकृतीत दिसत नाही, पण क्रमावर तिची सत्ता चालते. डिझेल इंजिने आल्यावरही डबे उबदार ठेवण्यासाठी वाफच लागत असे. इंजिनातल्या बॉयलरमधून निघालेली वाफ एका डब्याखालून दुसऱ्या डब्याखाली जात थेट शेवटपर्यंत पोहोचे, आणि नळीत पाणी साचून गोठू नये म्हणून शेवटच्या डब्याच्या टोकाची झडप किंचित उघडी ठेवत. ज्या डब्याला ही नळीच नाही, तो प्रवाशांच्या पुढे जोडला तर मागचे सगळे डबे थंड पडतील. त्यामुळे सामानाच्या गटात आपण कोणता डबा घालतो यावर मागच्या माणसांची ऊब अवलंबून असते, आणि एकदा हे कळल्यावर नुसत्या रंगसंगतीसाठी तिथे काहीही जोडण्याची माझी इच्छा नाहीशी झाली.

सामानाच्या मागे अनेक गाड्यांत कर्मचाऱ्यांच्या झोपण्याचा डबा येई, कधी पूर्ण, कधी अर्धा सामानाचा आणि अर्धा बिछान्यांचा. त्यात मुख्यतः भोजनयानातले स्वयंपाकी आणि वाढपी झोपत. त्याआधीच्या काळात यांतल्या अनेकांना रात्री जेवणाची टेबले बाजूला सारून भोजनयानातच खाटा टाकाव्या लागत. प्रतिकृतीच्या जगात या डब्याची उपेक्षा होते, कारण बाहेरून तो आकर्षक नसतो. पण भोजनयान असलेल्या दोन-तीन रात्रींच्या गाडीत तो नसेल, तर माझा पहिला प्रश्न असतो की स्वयंपाकी झोपतात कुठे. उत्तर असेल तर ठीक. भोजनयानाला जोडीने लावलेल्या दुसऱ्या डब्यातही त्यांची सोय असू शकते. उत्तर नसेल तर गाडी अपुरी आहे.

त्यानंतर कोच, म्हणजे बसून जायचे डबे. इथे मला थांबावेसे वाटते, कारण दक्षिणेकडच्या राज्यांतल्या गाडीचा क्रम खरा मांडायचा असेल, तर पहिला कोच कोणासाठी होता हे टाळून पुढे जाता येत नाही. लुइझियानाने १८९० साली कायदा करून गोऱ्या आणि काळ्या प्रवाशांसाठी वेगळे डबे सक्तीचे केले. होमर प्लेसी या प्रवाशाने १८९२ मध्ये तो कायदा जाणूनबुजून मोडला आणि १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायद्याच्या बाजूने दिला. पुढची जवळजवळ सहा दशके दक्षिणेतल्या गाड्यांमध्ये काळ्या प्रवाशांचा डबा बहुधा इंजिनाच्या जवळ, सामानाच्या डब्याला लागून असे. वाफेच्या इंजिनांच्या काळात धूर आणि काजळी जिथे सर्वांत जास्त येई ती ही जागा. पुष्कळदा तो पूर्ण डबाही नसे. सामानाच्या डब्याचाच एक भाग आडवी भिंत घालून बसण्यासाठी दिलेला असे. बाजारात मिळणाऱ्या काही कोचच्या प्रतिकृतींत मधोमध भिंत आणि दोन्ही टोकांना दोन-दोन स्वच्छतागृहे दिसतात, त्यांचा अर्थ हाच.

भोजनयानातही ही भिंत पोहोचली होती. एल्मर हेंडरसन हे संघ सरकारचे कृष्णवर्णीय अधिकारी १९४२ च्या मे महिन्यात सदर्न रेल्वेच्या गाडीने जात असताना स्वयंपाकघराजवळची, पडदा लावून वेगळी करता येणारी टेबले त्यांच्यासाठी राखीव मानली जात होती. तिथे गोरे प्रवासी बसलेले असल्यामुळे त्यांना रिकाम्या खुर्चीवरही बसू दिले नाही, आणि वाटेत भोजनयान गाडीतून काढून घेईपर्यंत त्यांना जेवण मिळाले नाही. त्यांचा दावा ५ जून १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयात यशस्वी झाला. राज्याराज्यांमधून जाणाऱ्या गाड्यांत डब्यांचे वर्णभेदी विभाजन जानेवारी १९५६ पासून नियामक आयोगाच्या आदेशाने बेकायदा ठरले. माझ्या परिचयातल्या काहींचे म्हणणे असते की छंदात असले विषय आणू नयेत. मला ते पटत नाही. बफरची लांबी आणि खिडकीच्या चौकटीचा रंग आपण मिलिमीटरपर्यंत तपासत असू, तर त्या खिडकीत कोणाला बसावे लागत होते हे त्याच तपासणीचा भाग आहे. मी १९४८ सालची दक्षिणेतली गाडी मांडतो तेव्हा तो डबा त्याच्या जागी लावतो, आणि कोणी विचारले तर तो तिथे का आहे ते सांगतो.

आता भोजनयान. सर्वसाधारण उत्तर असे की ते कोच आणि शयनयाने यांच्या मध्ये जोडतात. कारण पुन्हा चालण्याचेच आहे. कोचमधल्या प्रवाशाला जेवायला जाताना शयनयानांच्या अरुंद मार्गिकेतून जावे लागू नये, आणि शयनयानाचे जादा भाडे भरलेल्याला जेवायला जाताना कोचच्या गर्दीतून वाट काढावी लागू नये. म्हणून दोन्ही वर्ग दोन दिशांनी येतात आणि भोजनयानात भेटतात. त्याच्या शेजारी लाउंज, म्हणजे निवांत बसायचा डबा, असेल, तर टेबल रिकामे होईपर्यंत थांबायला जागा मिळते. भोजनयानाला दिशाही असते. एका टोकाला स्वयंपाकघर असते, त्याच्या शेजारून एक अरुंद मार्गिका जाते, आणि खिडक्यांची रांग त्या बाजूला तुटते. त्यामुळे डबा उलटा जोडला की जाणकाराला ते पटकन दिसते. कोणते टोक पुढे, याचे उत्तर मात्र गाडीगणिक बदलते आणि त्यासाठी छायाचित्रच पाहावे लागते.

या नियमाचे अपवाद नियमापेक्षा जास्त शिकवतात. न्यूयॉर्क आणि शिकागो यांच्यात १९०२ पासून धावलेली ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड’ ही दीर्घकाळ फक्त शयनयानांची गाडी होती. तिच्यात कोच आले ते १९५८ मध्ये. कोचच नाही म्हटल्यावर भोजनयानाला दोन वर्गांची सीमा होण्याची गरज उरत नाही, आणि ते शयनयानांच्या मधोमध येऊ शकते, म्हणजे दोन्ही टोकांच्या प्रवाशांना चालणे सारखे पडते. याउलट सांता फे रेल्वेची ‘एल कॅपिटन’ फक्त कोचची गाडी होती. तिला १९५६ साली उंच, दुमजली डबे मिळाले, ज्यांत माणसे वरच्या मजल्यावर बसत आणि एका डब्यातून दुसऱ्यात वरूनच जात. मग साध्या उंचीच्या डब्यांशी जोड कसा करायचा? त्यासाठी काही कोच असे बांधले की त्यांच्या एका टोकाला आतून जिना उतरे आणि दार नेहमीच्या उंचीवर येई. हे जिन्याचे कोच गाडीत कुठेही घालता येत नाहीत. त्यांचे खालचे दार साध्या डब्याकडेच असले पाहिजे. पुढच्या बाजूला सामान आणि कर्मचाऱ्यांचा जो साध्या उंचीचा डबा होता, त्याच्या मागच्या टोकाला छतावर एक उतरते आवरण बसवले होते, ज्यामुळे दोन उंचींमधली पायरी डोळ्यांना खुपत नसे. हा डबा उलटा जोडलेला मी प्रदर्शनांत पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी तो वळवून ठेवण्यासाठी माझा हात पुढे झाला आहे. कमी गर्दीच्या हंगामात १९५८ पासून ही गाडी आणि त्याच कंपनीची फक्त शयनयानांची ‘सुपर चीफ’ एकत्र धावू लागल्या. शयनयानांची गाडी आणि कोचची गाडी एकमेकींना जोडल्या गेल्या तरी प्रत्येकीचे भोजनयान आपापल्या भागात राहिले. एका गाडीत दोन भोजनयाने ही चूक वाटते. इथे तीच अचूक जुळणी आहे.

युरोपातले एक उदाहरण मला यासंदर्भात फार सुंदर वाटते. १९२८ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या ‘राइनगोल्ड’ गाडीत स्वतंत्र भोजनयान नव्हते, कारण प्रवाशांना जागेवरच वाढले जाई. त्यासाठी डबे जोडीने बांधले होते: एक स्वयंपाकघर असलेला आणि एक नसलेला, आणि पहिल्याने दुसऱ्यालाही वाढायचे. म्हणजे या गाडीचा घटक एक डबा नसून दोन डबे हा आहे. जागा कमी म्हणून ती आखूड करायची झाली तर एक डबा काढून चालत नाही. जोडीच काढावी लागते.

शयनयानांच्या भागात पोहोचलो की मला सर्वांत जास्त वेळ लागतो. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या डब्यांची आतली रचना वेगवेगळी असते, आणि खिडक्यांच्या अंतरावरून ती ओळखता येते. युद्धोत्तर काळात सर्वाधिक दिसणारा प्रकार म्हणजे दहा एकट्याच्या खोल्या आणि सहा दोघांच्या खोल्या असलेला डबा. त्यात एकट्याच्या खोल्यांमधून मधोमध मार्गिका जाते आणि मोठ्या खोल्यांपाशी ती एका कडेला सरकते, म्हणून डब्याच्या दोन्ही बाजू वेगळ्या दिसतात. माझ्या मांडणीत प्रेक्षक एकाच बाजूने गाडी पाहतो, तेव्हा खोल्यांची बाजू दाखवायची की मार्गिकेची, हा निर्णय मुद्दाम करावा लागतो.

पण शयनयानांचा खरा गुंता त्यांच्या प्रवासाचा असतो, कारण गाडीतला प्रत्येक डबा गाडीच्या आरंभापासून अंतापर्यंत जातोच असे नाही. एखादे शयनयान मध्यरात्री वाटेतल्या शहरात सोडून दिले जाई आणि आतले प्रवासी सकाळपर्यंत तिथेच झोपून राहत. असा डबा गाडीच्या टोकाजवळ असला की शंटिंगचे इंजिन तो कमीत कमी हालचालीत काढून घेते. १९४६ च्या मार्चअखेरीस अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत थेट जाणारी शयनयाने सुरू झाली. ती शिकागोत एका कंपनीच्या गाडीतून दुसऱ्या कंपनीच्या गाडीत जोडली जात. त्यामुळे शिकागोहून पश्चिम किनाऱ्याकडे जाणाऱ्या, १९४९ मध्ये सुरू झालेल्या ‘कॅलिफोर्निया झेफर’च्या चकचकीत रांगेत पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या मालकीचा ‘सिल्व्हर रॅपिड्स’ हा डबाही असे. त्याच्याकडे बोट दाखवून हा इथे कसा, असे विचारणाऱ्याला उत्तर मिळते की त्यातला प्रवासी न्यूयॉर्कमध्ये बसला आहे. परक्या कंपनीचा डबा घालायचा असेल तर मी आधी त्याचा प्रवास शोधतो. तो मिळाला की डब्याची गाडीतली जागाही बहुतेक वेळा मिळते.

आजच्या काळातलेही, अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनीचे एक उदाहरण आहे. अ‍ॅमट्रॅकची ‘एम्पायर बिल्डर’ शिकागोहून पश्चिमेला जाताना स्पोकेन इथे दुभंगते. पुढचा भाग सिएटलला जातो आणि मागचा पोर्टलंडला. सिएटलच्या भागाला भोजनयान मिळते आणि पोर्टलंडच्या भागाला लाउंज. एकत्र असताना गाडीच्या दोन्ही टोकांकडे शयनयाने आणि मधल्या भागात कोच असा विचित्र क्रम दिसतो. स्पोकेन माहीत नसेल तर हा क्रम लहरी वाटेल, आणि माहीत असेल तर त्यातला एकही डबा हलवता येणार नाही.

गाडीच्या शेवटी असतो तो निरीक्षण-डबा, ज्याची गोलाकार काचेरी पाठ पाहून पुष्कळ जण या छंदात येतात. त्याची जागा कोणाला सांगावी लागत नाही. पण तो शेवटी राहावा म्हणून खऱ्या रेल्वेला केवढा खटाटोप करावा लागे, ते मांडणी आखताना कळते. अंतिम स्थानकात पोहोचलेली गाडी परत निघताना इंजिन दुसऱ्या टोकाला लावून चालत नाही, कारण तसे केले तर गोलाकार पाठ इंजिनाला लागते आणि टपालाचा डबा शेवटी जातो. म्हणून अख्खी गाडी वर्तुळाकार किंवा त्रिकोणी मार्गावरून फिरवून आणत, ज्यामुळे क्रमही तोच राही. छोट्या मांडणीतही अशा गाडीसाठी पडद्यामागे एक परतीचे वेटोळे ठेवावे लागते, आणि ज्याच्याकडे ती जागा नाही त्याने दोन्ही टोकांनी सारखी दिसणारी, निरीक्षण-डबा नसलेली गाडी निवडावी असे मी आवर्जून सुचवतो. गोल पाठीमागे जादा डबा जोडणेही अवघड होते. त्यामुळे काही कंपन्यांनी पुढे त्या पाठी कापून चौकोनी केल्या आणि त्यांना दार बसवले. तसा डबा गाडीच्या मध्ये घालता येतो, आणि उतरत्या काळातल्या गाडीत तो तिथेच शोभतो.

हे सगळे जाणून घेतल्यावर समोर येते ती जागेची मर्यादा. ८५ फुटांचा डबा १:८७ मध्ये सुमारे ३० सेंटिमीटर भरतो. ‘कॅलिफोर्निया झेफर’ साधारणपणे अकरा डब्यांची होती. तीन इंजिने धरून ती जवळजवळ चार मीटर होते, आणि तेवढा सरळ फलाट फार थोड्यांकडे असतो. मग काय काढायचे? माझी पद्धत अशी की जे पुन्हा पुन्हा येते ते आधी कमी करावे आणि दोन गटांचा सांधा असलेला डबा शेवटपर्यंत राखावा. त्या गाडीत छतावर काचेचा घुमट असलेले पाच डबे असत: तीन कोच, एक अल्पोपाहाराचा आणि कर्मचाऱ्यांच्या झोपण्याचा, आणि शेवटचा निरीक्षण-डबा. मी सामानाचा एक, घुमटी कोच दोन, अल्पोपाहाराचा घुमटी डबा, भोजनयान, दोन शयनयाने आणि निरीक्षण-डबा असे आठ ठेवतो. घुमट चार राहतात, गाडीचा चेहरा टिकतो आणि आत चालणाऱ्याची वाट कुठेही तुटत नाही. घुमटी डबे मलाही अतिशय आवडतात, पण म्हणून सामानाचा डबा गाळून तिथे आणखी एक घुमट बसवण्याचा मोह मी आवरतो. मग एवढ्या माणसांच्या पेट्या जायच्या कुठे?

वजनाचेही थोडे बघावे लागते. अमेरिकेतल्या हौशी रेल्वेकारांच्या राष्ट्रीय संघटनेच्या शिफारशीनुसार या प्रमाणातल्या डब्याचे वजन एक औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस असावे, म्हणजे पूर्ण लांबीच्या डब्याला सुमारे १९५ ग्रॅम. हलका डबा पुढे आणि जड डबे मागे असले की वळणावर हलका डबा आतल्या बाजूला ओढला जाऊन रुळांवरून उतरतो. यावर क्रम बदलणे हा उपाय मला मान्य नाही; हलक्या डब्यात वजन घालावे. तसेच १८ इंच त्रिज्येच्या वळणावर पूर्ण लांबीचे डबे एकमेकांपासून फाकतात आणि त्यांच्यामधले घडीचे पडदे उघडे पडतात, ज्यांतून माणसे चालत जातात अशी आपली कल्पना असते. अशा ठिकाणी ७२ फुटांच्या हिशेबाने आखूड केलेले डबे वापरावेत. माझ्या मते खऱ्या लांबीपेक्षा खरा क्रम जास्त मोलाचा आहे.

माहिती मिळवण्याचे मार्ग अनेक आहेत, पण सारखे विश्वासार्ह नाहीत. छायाचित्रकाराचे प्रेम इंजिनावर असते, त्यामुळे पुढचे तीन-चार डबे स्पष्ट दिसतात आणि उरलेली गाडी वळणाआड किंवा धुरात जाते. नेमकी भोजनयानाची जागा त्यात हरवते. १८६८ पासून प्रसिद्ध होत आलेल्या ‘ऑफिशियल गाइड’ या सर्व कंपन्यांच्या एकत्रित वेळापत्रकात आणि कंपन्यांच्या वेळापत्रकांत प्रत्येक नामांकित गाडीखाली कोणत्या प्रकारचे शयनयान कुठून कुठे जाते याची यादी असे. ती यादी क्रमाने छापलेली असेलच असे नाही, पण डब्यांचा प्रवास त्यातून कळतो. कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या अंतर्गत पुस्तिकांत मात्र प्रत्यक्ष क्रम सापडतो, आणि अशी पुस्तिका हाती आली की मी बाकीची कामे बाजूला ठेवतो. एक सावधगिरी तरीही बाळगावी लागते: छापलेला क्रम हा नेहमीच्या दिवसाचा असतो. सणाच्या गर्दीत जादा कोच येतात आणि दुरुस्तीला गेलेल्या डब्याच्या जागी वेगळ्याच रचनेचा डबा येतो.

सध्या माझ्या टेबलावर १९७२ सालची एक गाडी आहे. १९६७ मध्ये टपाल खात्याने बहुतेक फिरती कार्यालये काढून घेतली आणि अनेक गाड्यांचे उत्पन्नच गेले; पुलमन कंपनीने १९६८ च्या अखेरीस शयनयाने चालवणे थांबवले; १ मे १९७१ रोजी अ‍ॅमट्रॅकने उरलेल्या गाड्या हाती घेतल्या आणि निरनिराळ्या कंपन्यांचे डबे त्यांच्या मूळ रंगांत एकाच गाडीत जोडले जाऊ लागले. पिवळा, हिरवा, नारिंगी आणि स्टेनलेस स्टीलचा रुपेरी असे रंग शेजारी शेजारी आले, म्हणून ही गाडी काहीही चालते या समजुतीने मांडली जाते. मी तिच्यातून चालून पाहिले. टपालाचा डबा पुढून गेला आहे आणि सामानाचा एकच उरला आहे; कोच त्याच्या मागे आहेत, भोजनयान आणि लाउंज मध्ये, शयनयाने त्यांच्या मागे. वाफ अजून इंजिनातूनच येते, म्हणून नळीचा नियमही कायम आहे. फक्त हिरव्या रंगाच्या कोचचे दार पुढच्या टोकाला ठेवायचे की मागच्या, हे ठरलेले नाही. दार मागे ठेवले तर ते शेजारच्या पिवळ्या कोचच्या दाराला लागून येते आणि एकाच सेवकाला फलाटावर दोन्ही दारे सांभाळता येतात, म्हणून तूर्त मी ते मागे ठेवले आहे. त्या वर्षातले त्या बाजूचे एखादे स्पष्ट छायाचित्र मिळेपर्यंत ते तसेच राहील.